पाकिटावरचं शीत

९ जानेवारी

अर्ज आला परत! तिसऱ्यांदा! नोंदणी कार्यालयाचं पाकीट आता मी न उघडताच ओळखते. पातळ असलं की समजायचं, नकार.

या वेळचा आक्षेप नवीन आहे. ‘प्रशिक्षणात प्रत्येक विषयाला किती तास दिले ते संस्थेने लिहून द्यावे. आठवडे ग्राह्य धरले जाणार नाहीत.’ तास! बालरुग्ण विभागात मी आठ आठवडे काढले. त्यात झोपले किती तास ते विचारा, लगेच सांगते.

सतरा वर्षं नर्स होते मी, त्यातली सहा आयसीयूत. इथे येऊन दहा महिने झाले आणि या देशाच्या लेखी मी कोण, तर ‘अर्जदार’. नवऱ्याला इकडे नोकरी लागली तेव्हा जो तो म्हणत होता, “तुझं काय बाई, नर्सला जगात कुठेही काम!” त्या सगळ्यांना एकदा इथल्या काउंटरसमोर रांगेत उभं करायला हवं.

भाषेच्या परीक्षेचा दाखला तीस नोव्हेंबरपर्यंत चालतो. तोवर नोंदणी झाली नाही तर परत पहिल्यापासून — भाषा, अर्ज, सगळंच. म्हणजे अजून जवळजवळ अकरा महिने आहेत. भरपूर आहेत. लिहून ठेवलं की खरं वाटतं.

१० जानेवारी

धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे माझी बहीण — तीही नर्स, त्याच कॉलेजातली, माझ्यामागून सहा वर्षांनी. तिला तासांचं सांगितलं तर खो खो हसत सुटली. “ताई, तास कोण मोजतं गं? उजाडलं की आत, दिवे लागले की बाहेर!” पण जाऊन बघते म्हणाली, ड्युटी संपल्यावर.

ती आहे म्हणून माझं चाललंय. आईचे गुडघे कुरकुरतात, साखर कधी वर कधी खाली, दिवसातून दोनदा इन्सुलिन. पण घरातच नर्स! मला काडीचा घोर नाही.

१६ जानेवारी

कॉलेजातलं जुनं रेकॉर्ड फक्त एकाच क्लार्कला सापडायचं आणि तो निवृत्त झालाय. वा!

२ फेब्रुवारी

वृद्धाश्रमात काम मिळालं. पद — मदतनीस. आंघोळी घालायच्या, भरवायचं, फिरवून आणायचं, चादरी बदलायच्या. औषधाच्या पेल्याला हात लावायचा नाही. बीपी घ्यायचं नाही. ड्रेसिंग तर नाहीच नाही.

आमची इनचार्ज सव्वीस वर्षांची आहे. मी ड्युटीला लागले तेव्हा ही फ्रॉकमध्ये असेल. गोड मुलगी आहे, पण बँडेज असं बांधते की चार पावलांत सुटून लोंबायला लागावं. आज माझ्यासमोर बांधत होती. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. “काही हवंय का?” तिने विचारलं. “नाही, पाठ अवघडलीय,” म्हटलं.

कन्येने घरी आल्यावर युनिफॉर्म बघितला. चौदा वर्षांची आहे, जिभेला हाड नाही. “आई, हा रंग तुला अजिबात शोभत नाही. लवकर नर्स हो.”

११ फेब्रुवारी

वृद्धाश्रमात एक आजी आहेत, एक्क्याण्णव वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना मनातल्या मनात हेडबाई म्हणते. आज मोजे चढवताना त्यांच्या घोट्याला बोट लागलं, तर खड्डा तसाच राहिला. सूज. कालपर्यंत नव्हती. इनचार्जला जाऊन सांगितलं. तिने डॉक्टरांना बोलावलं, औषध बदललं. मग मला हळूच म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

बोटाला कळलं, म्हटलं. बोटाला अजून अर्ज करावा लागत नाही.

२४ फेब्रुवारी

धाकटी म्हणजे वाघीण आहे! निवृत्त क्लार्कला त्याच्या घरी जाऊन गाठलं. रेकॉर्डकाका म्हणते ती त्याला. पहिल्या दिवशी त्याने दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी हिने त्याच्या बायकोचं बीपी बघितलं, पथ्य समजावून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी काका स्वतःच टोपी घालून कॉलेजात हजर! कपाटामागून आमच्या वेळची ड्युटीपत्रकं काढली. वाळवीने अर्धी सर्जरी खाल्लीय, पण बाकी शाबूत. दोघांनी चार शनिवार बसून माझे तास मोजले. बालरुग्ण — चारशे सोळा. बघा, तरीच!

आता एकच. तासांचे आणि मार्कांचे कागद कॉलेजाने पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचं, झाकणावर आडवी सही आणि शिक्का. ते इथल्या कार्यालयातच उघडलं जाणार. मध्ये कुणी उघडलं तर सगळं रद्द. कॉलेज परदेशी टपाल पाठवत नाही, म्हणून पाकीट धाकटीच्या हातात देणार आणि ती कुरिअर करणार. तिला मी तीनदा बजावलं. “ताई, मी काय लहान आहे का?” म्हणाली. बरोबर आहे तिचं.

१९ मार्च

पाकीट आलं! हातात घेऊन नुसतं बघत बसले. कॉलेजचा निळा शिक्का, प्राचार्यांची सही अर्धी झाकणावर, अर्धी खाली. आतमध्ये माझी चार वर्षं, आणि मला उघडायची परवानगी नाही. कन्या उजेडाला धरून बघायला लागली तर तिच्या हातावर एक चापट दिली. तसंच नेऊन काउंटरवर दिलं. काउंटरवाल्या बाईने ढिम्म चेहऱ्याने पावती फाडली.

२ एप्रिल

काय लिहू! हसू की रडू!

कार्यालयातून बोलावणं आलं. काउंटरवाल्या बाईने माझं पाकीट समोर ठेवलं, झाकण उघडलं आणि पेनाच्या टोकाने आतल्या बाजूला काहीतरी दाखवलं. पांढरं, वाळलेलं, चपटं.

“हे काय आहे?”

मी वाकून बघितलं. बघताक्षणी कळलं. लहानपणी वह्यांची फाटलेली पानं आमच्याकडे अशीच चिकटवली जायची.

“भात,” म्हटलं.

“भात?”

“भाताचं शीत. शिजवलेल्या.”

तिने ते लिहून घेतलं! खरंच! ‘झाकणाच्या आतील बाजूस शिजवलेला भात आढळला. अर्जदाराने ओळख पटवली.’ आणि खाली शिक्का — पाकीट आधी उघडलेले, अग्राह्य. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या बाईचा ओठ जरा हलला. मग तिने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केलीच नाही.

बसस्टॉपवर आल्यावर मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे भरून आले. आठ महिने उरलेत. पाकीट धाकटीने उघडलेलं नसणार. राहिलं कोण?

३ एप्रिल

आईने एका वाक्यात कबूल केलं. “हो, मीच उघडलं. मग?”

कुरिअरवाला दोन दिवस बंद होता, पाकीट टेबलावर पडून होतं, धाकटी ड्युटीवर. आईसाहेबांनी चहाच्या वाफेवर धरून झाकण सोडवलं, सगळं निवांत वाचलं, परत घातलं. डिंक वाळला होता म्हणून भाताचं शीत लावलं. “शिक्का तर बरोबर जुळवला होता की! जरासुद्धा इकडे तिकडे नाही!”

“पण आई, कशाला उघडलंस?”

“तुझे मार्क बघायचे होते मला. तेव्हा तुझ्या बाबांनी परस्पर सह्या करून कपाटात ठेवले. मला कुणी दाखवले? तू माझी पोर, चार वर्षं डबे मी भरले.” जरा थांबून म्हणाली, “मानसशास्त्रात एवढे कमी का गं?”

चिडणार होते मी. सगळी तयारी करून फोन लावला होता. काय चिडणार? वीस वर्षांपूर्वीच्या मार्कांसाठी मलाच ओशाळायला झालं!

मागून धाकटीचा आवाज — “ताई, मी परत जाते काकांकडे. तू रडू नकोस.” मी कुठे रडत होते?

१४ मे

दुसरं पाकीट निघालं. रेकॉर्डकाकांनी या वेळी शिक्के तीन मारलेत आणि वरून चिकटपट्टी. धाकटीला म्हणाले, “तुमच्या मातोश्रींपासून लांब ठेवा.” ती कॉलेजातून थेट कुरिअरवाल्याकडे गेली, घरी गेलीच नाही.

आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलतेय. “आता आम्ही चोर ठरलो,” वगैरे.

९ जून

मंजूर! मंजूर! मंजूर! पाकीट जाडजूड आलं!

आता फक्त प्रात्यक्षिक परीक्षा. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक काम. इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी असलं. सतरा वर्षं जे झोपेत केलं ते सहा लोकांना करून दाखवायचं. हा हा! नवऱ्याला म्हटलं, पेढे आत्ताच आणून ठेव. पेढे इथे मिळत नाहीत म्हणाला. मग काहीही गोड आण, म्हटलं!

धाकटीला फोन केला तर तीच जास्त खूश. किती प्रश्न विचारते! एका नर्सकडे किती पेशंट असतात, रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते का, नर्सशी डॉक्टर नीट बोलतात का. तासभर बोललो. तिला माझी फार काळजी.

१७ जुलै

नापास.

१८ जुलै

काल निकाल आल्यावर लिहवलं नाही. आज लिहिते.

पहिल्याच टेबलावर एक हात ठेवलेला. नुसता हात! प्लास्टिकचा, खांद्यापासून तुटलेला. त्यात इंजेक्शन द्यायचं. मी ओळखपट्टी बघितली, हात धुतले, शीर शोधली, एका झटक्यात सुई आत. असं सुंदर इंजेक्शन त्या हाताला जन्मात मिळालं नसेल. परीक्षक बाई म्हणाल्या, “तुम्ही पेशंटचं नाव विचारलं नाहीत.”

“हाताला?”

“जन्मतारीखही विचारली नाहीत. परवानगी घेतली नाहीत. ओळखपट्टी तपासली नाहीत.”

“तपासली की! डोळ्यांनी!”

“म्हणाला नाहीत. जे मला ऐकू आलं नाही ते तुम्ही केलं नाही.”

हे असं आहे! करायचं ते तोंडाने सांगायचं. ‘मी आता हात धुते आहे.’ ‘मी आता पडदा ओढते आहे.’ आमच्याकडे एका नर्समागे चाळीस पेशंट, तिथे असं बोलत बसले असते तर सकाळचं इंजेक्शन संध्याकाळी मिळालं असतं. आम्हाला हात चालवायला शिकवलं, तोंड नाही. सहातल्या चार टेबलांवर मी मुकी. चारही गेली.

आणखी एकदाच बसता येतं. तारीख — सहा नोव्हेंबर. निकाल दोन आठवड्यांनी. म्हणजे तीसच्या आत, पण जेमतेम. या वेळी चुकलं तर चुकलंच.

नवरा म्हणाला, “घरात तर दिवसभर बोलत असतेस, तिथेच कशी गप्प बसलीस?” एरवी उशी फेकून मारली असती. काल मारली नाही, तेव्हा तोही घाबरला.

२६ जुलै

सराव सुरू. नवरा पेशंट, कन्या परीक्षक. नवरा सोफ्यावर आडवा होतो आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो. कन्या घड्याळ लावून बसते. निर्दय आहे कार्टी! “हात धुतल्याचं बोलली नाहीस. शून्य.” “पेशंटला नाव विचार.” “अगं, तुझा बाबा आहे तो!” “मला काय माहीत? शून्य.”

१० ऑगस्ट

घरात आता सगळेच बोलून कामं करतात. कन्या — “मी आता चहा गाळते आहे. मी आता कप तपासते आहे. कपाची परवानगी घेतली आहे.” नवरा आंघोळीला जाताना — “मी आता पडदा ओढतो आहे, पेशंटच्या खाजगीपणासाठी.” टोळी आहे नुसती!

२८ ऑगस्ट

हेडबाईंना परीक्षेचं सांगितलं. (पायांची सूज उतरलीय, छान आहेत.) त्या तर ताठ होऊन बसल्या. “माझ्यावर सराव कर. मी वर्गाला पंचेचाळीस वर्षं बोलतं केलंय.” आता रोज आंघोळ घालताना मी प्रत्येक गोष्ट बोलते, विचारते. “उजवा हात वर घेऊ का?” “घे. पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे!”

आज अचानक म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली इथे. मला विचारून माझा हात कुणी उचलला नव्हता.” मला कसंतरीच झालं. सतरा वर्षांत मी किती हात न विचारता उचलले असतील? परीक्षक बाईंवरचा माझा राग थोडा उतरला. थोडाच.

२१ सप्टेंबर

आईची साखर खाली गेली होती म्हणे, सकाळी घाम फुटला. धाकटीने लगेच साखरपाणी दिलं, अर्ध्या तासात आई उठून बसली. मला दुसऱ्या दिवशी कळवलं, उगाच धावपळ नको म्हणून. धावपळ करून मी इथून करणार तरी काय होते! धाकटी आहे तिथे, हे देवाचे उपकार.

६ नोव्हेंबर

झाली परीक्षा. तोच प्लास्टिकचा हात होता. शपथ, तोच, कोपराजवळ ओरखडा होता. मी त्याला नमस्कार घातला, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, दुखतंय का विचारलं, सुई टोचताना धीर दिला, निघताना ‘काही लागलं तर बेल दाबा’ म्हणाले. बेल दाबायला त्याला दुसरा हात नाही हे नंतर लक्षात आलं! परीक्षक बाईंनी खोकल्याचं सोंग केलं.

सहाही टेबलांवर तोंड थांबलं नाही. घसा बसलाय. आता काय व्हायचं ते होवो. नाही, होवो काय — व्हायलाच हवं!

२० नोव्हेंबर

पास!! सहाच्या सहा!

कन्येने मिठी मारली आणि म्हणाली, “मी आता आईचं अभिनंदन करते आहे.” नवऱ्याने खरंच गोड आणलं. इनचार्जने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, मग बाजूला घेऊन म्हणाली, “मला ते बँडेज शिकवाल का?” पोरीला माहीत होतं तर!

हेडबाईंनी फक्त मान हलवली. “आवाज सुधारला.”

२७ नोव्हेंबर

नोंदणी क्रमांक आला. तीन दिवस आधी. सात आकडी आहे, पाठ झाला. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलात रुजू व्हायचं, सर्जरी वॉर्ड. कार्ड घ्यायला गेले तर काउंटरवाल्या बाईने कार्ड दिलं, पावती फाडली आणि हळूच म्हणाली, “तो भात मी अजून घरी सांगते.” एवढं मोठं हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

जीव भांड्यात पडला. वर्षभर एवढा हलका दिवस गेला नव्हता. उद्या सकाळी आईला फोन करायचा, धाकटी घरात असताना. तिला काय पाठवू? काहीतरी छान पाठवायला हवं.

२८ नोव्हेंबर

आई म्हणाली, “झालं ना तुझं? आता हिचं बघ.”

“कुणाचं?”

“धाकटीचं. मे महिन्यात तुझे कागद दुसऱ्यांदा काढले तेव्हाच तिचेही काढून ठेवलेत. मीच काढायला लावले. भाषेचा क्लासही लावलाय तिने. तिच्या तोंडून निघायचं नाही, म्हणून मी सांगतेय. इन्सुलिन मी माझं टोचायला शिकलेय, दोन महिने झाले.”

धाकटी तिथेच होती. भांडी लावल्याचा आवाज येत होता.

“अगं पण आई, ती इकडे आली तर तुझ्याजवळ कोण?”

“हे तू जाताना नाही विचारलंस,” आई म्हणाली. रागाने नाही. माझा चष्मा कुठे ठेवला गं, असं विचारावं तसं.

खरंच नव्हतं विचारलं.